सहा वर्षांचे पण दिसायला चांगले कूलंट होज: बदलायचे की ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतः बांधलेलं दोन आसनी विमान, त्यावर रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन. कूलंटचे होज, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव नेणाऱ्या रबरी नळ्या, बसवून सहा वर्षं झाली, पण इंजिन चाललं आहे जेमतेम १८० तास. होज बाहेरून काळेभोर आहेत, कुठे चीर नाही, खाली थेंब नाही. तरी सगळे बदलायचे का? बदलायचे तर सिलिकॉनचे घ्यावेत का, ते आवळून धरणारे क्लॅम्प कोणते लावावेत, आणि काम करताना काय सांभाळायचं?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. हो, सगळे बदला, आणि पुढच्या उड्डाणाआधी बदला. रोटॅक्सच्या देखभाल पुस्तिकेत रबरी भागांना ५ वर्षांची मुदत दिली आहे. कूलंटचे होज, इंधनाचे होज, कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट हे सगळं त्यात येतं. ही मुदत तासांवर नाही, तारखेवर आहे. होमबिल्टच्या, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानाच्या, मालकावर ती कितपत बंधनकारक आहे हे देशोदेशी वेगळं असेल. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या प्रत्येक विमानाला मी ती लावतो, आणि का लावतो ते सविस्तर सांगतो. कारण कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

होज बाहेरून म्हातारा होतो असं आपण धरून चालतो, कारण टायर आणि खिडक्यांचं रबर तसंच जाताना आपण पाहिलेलं असतं. कूलंटचा होज मात्र बहुतेक वेळा आतून जातो. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड), पंपाचं घर, रेडिएटर, मधले पाइप हे वेगवेगळ्या धातूंचे असतात आणि त्यांच्यामध्ये वीज वाहून नेणारं पाणीमिश्रित कूलंट असतं. म्हणजे एक लहानसा विद्युत घट तिथे कायम चालू असतो. काळ्या रबरातला कार्बनही त्यात भाग घेतो. परिणाम म्हणून होजच्या आतल्या थरात लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडत जातात. त्या चिरांतून कूलंट मधल्या धाग्यांच्या विणीपर्यंत पोचतं आणि वीण हळूहळू कमजोर करतं. वरचा थर अजून ठणठणीत दिसत असतो, पण दाब पेलण्याचं काम त्या विणीचं होतं आणि तीच आत संपलेली असते. ही झीज होजच्या मधोमध फारशी होत नाही. ती टोकांपाशी, साधारण शेवटच्या ५ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे नेमकी क्लॅम्पच्या आसपास होते.

त्यामुळे १८० तासांचा आकडा दिलासा देणारा नाही. कमी उडणाऱ्या विमानात कूलंट महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहतं, त्यातली गंजरोधक द्रव्यं काळाबरोबर संपतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टोकांवर होजच्या खाली पांढरट खर धरू लागते. ती खर रबराला आतून उचलते. मग क्लॅम्प कितीही आवळा, पाझर थांबत नाही. महिन्यातून एकदाच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडणाऱ्या मालकाच्या विमानात अशी टोकं मला नेहमी दिसतात. त्या मानाने दर आठवड्याला उडणारं विमान आतून स्वच्छ निघतं.

डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होज दाबा, आधी क्लॅम्पलगत आणि मग मधोमध. दोन्ही जागी सारखाच ताठरपणा जाणवला पाहिजे. क्लॅम्पलगत तो मऊ, पोकळ लागला किंवा दाबताना आत काहीतरी चुरल्यासारखं, करकरल्यासारखं वाटलं तर त्याचं आयुष्य संपलं आहे. पूर्ण कडक झालेला होज उष्णतेने भाजलेला असतो, तो एक्झॉस्टजवळचा असण्याची शक्यता जास्त. फुगीर, चिकट, बुळबुळीत होजला तेल लागलेलं असतं. ते तेल कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवा होज बसवू नका, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल. पृष्ठभागावर एखादा चकचकीत घासलेला पट्टा दिसला तर तिथे कंपनाने काहीतरी घासतं आहे. होजच्या कापलेल्या कडेला धाग्यांची टोकं ओली किंवा रंगीत दिसली तर कूलंट विणीतून पाझरत बाहेर आलं आहे, हे फार महत्त्वाचं लक्षण आहे.

पाणीमिश्रित कूलंट असेल तर मल्टिमीटरची एक चाचणीही करा. एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, दुसरी टाकीतल्या कूलंटमध्ये बुडवा, टाकीच्या धातूला टेकू देऊ नका. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर कूलंट बदलण्याची वेळ झाली आहे. विजेची उपकरणं चालू केल्यावर आकडा वाढत असेल तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासा, कारण परतीचा प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आहे आणि तोच होज खातो आहे.

आता या होजमध्ये एवढं विशेष काय, थोडं कूलंट गळलं तर गळलं, असं कोणाला वाटू नये म्हणून उकळण्याचं गणित मांडतो. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचं अर्धं-अर्धं मिश्रण समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यात, १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. टाकीवरचं १.२ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून तेच मिश्रण १३० अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतं. साध्या, पाणीमिश्रित कूलंटसाठी या इंजिनाची मर्यादा १२० अंश आहे. म्हणजे भर चढाईत कूलंट अशा तापमानाला असू शकतं, जिथे त्याला द्रव ठेवण्याचं काम फक्त दाब करतो. होजला एक बारीक चीर गेली आणि दाब उतरला की टाकीत पुरेसं कूलंट असूनही ते डोक्यांमध्ये उकळायला लागतं. वाफ धातूची उष्णता द्रवासारखी उचलू शकत नाही. ३००० मीटर उंचीवर तर उत्कलनबिंदू आणखी सुमारे १० अंशांनी खाली येतो. जमिनीवर थेंब-थेंब वाटलेली गळती वर गेल्यावर इंजिनाचा प्रश्न होते ती अशी.

दुसरा धोका आगीचा. ग्लायकॉल पाण्यात मिसळलेलं असताना पेटत नाही हे खरं, पण तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यावर पाणी आधी उडून जातं आणि मागे उरतं ते ग्लायकॉल. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल ४०० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, आणि एक्झॉस्टमधले वायू ८०० अंशांच्या घरात असतात. द्रवशीत इंजिनांच्या इतिहासात हा धडा जुना आहे. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल असे. नंतर ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली वापरायला लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा लढाऊ विमानांचं रेडिएटर हे सर्वांत नाजूक ठिकाण मानलं जाई, कारण तिथे एक छिद्र पडलं की इंजिनाची शक्ती काही मिनिटांपुरतीच उरायची.

रोटॅक्स ९१२ ला एक सवलत आहे. त्याची फक्त डोकी द्रवाने थंड होतात, सिलिंडर हवेने. त्यामुळे कूलंट गेलं तरी कमी शक्तीवर ते थोडा वेळ तगतं. हा वेळ किती, यावर कधीही बेत आखू नका. आणि मोटारीचं इंजिन बदलून विमानावर बसवलेलं असेल, सुबारू किंवा होंडासारखं, तर तिथे सिलिंडरही द्रवानेच थंड होतात, त्यामुळे एवढीही सवलत नाही.

बदलायच्या होजची यादी करताना बहुतेक जण फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. इंजिन उत्पादकाचा होज संच फक्त इंजिनापुरता असतो. पंपापासून चार डोक्यांकडे जाणारे चार, डोक्यांपासून वरच्या टाकीकडे येणारे चार. टाकीपासून रेडिएटरपर्यंत आणि रेडिएटरपासून परत पंपापर्यंतचा मार्ग विमान बांधणाऱ्याने ठरवलेला असतो, आणि तुमच्या विमानात तो तुम्ही ठरवला आहे. तो कुठल्याही पुस्तिकेत नाही. त्याशिवाय ओव्हरफ्लो बाटलीकडे जाणारी बारीक नळी, ऑइल थर्मोस्टॅट कूलंटवर चालणारा असेल तर त्याच्या नळ्या, आणि केबिन गरम करण्याची सोय असेल तर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतून, आत येणारे दोन होज. या केबिनच्या होजकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि ते फुटले तर उकळतं कूलंट थेट वैमानिकाच्या पायांवर येतं. फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला बंद करता येईल असा व्हॉल्व्ह नसेल तर याच कामात बसवून घ्या. एका कागदावर आख्खा मार्ग काढा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या, व्यास आणि लांबी लिहा. हा कागद विमानाच्या लॉगबुकात राहू दे. पुढच्या वेळी दुसरा कोणी काम करणार असेल तर त्याला तोच आधार आहे.

सिलिकॉनबद्दल. माझं मत असं की तुमच्यासारख्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला उत्पादकाचे ईपीडीएम रबराचे होजच घ्यावेत. सिलिकॉन उष्णता जास्त सोसतं, वर्षानुवर्षं मऊ राहतं, हे त्याचे खरे गुण आहेत. पण ते घासलं की लवकर झिजतं, धारदार कडेने सहज कापलं जातं, आणि त्यातून पाण्याची वाफ थोडी-थोडी बाहेर झिरपते, त्यामुळे गळती कुठेच नसताना कूलंटची पातळी उतरत राहते आणि मालक गळती शोधत बसतो. साध्या क्लॅम्पची पट्टी त्यात रुतते. तेल किंवा पेट्रोल यांच्याशी त्याचं जमत नाही. तेलाशी ईपीडीएमचंही जमत नाही, हे लक्षात ठेवा. टर्बोच्या अगदी शेजारून जाणारा एखादा तुकडा असेल तर तिथे सिलिकॉनला अर्थ आहे, उष्णतारोधक बाही आणि अस्तर असलेला क्लॅम्प यांच्यासह. रेडिएटरच्या बाजूचे होज सुटे घ्यायचे असतील तर ते कूलंटसाठीच बनवलेले आणि एसएई जे२० मानकाचे आहेत ना, एवढं छापील अक्षरांत पाहून घ्या. इंधनाचा होज कूलंटला आणि कूलंटचा होज इंधनाला, ही अदलाबदल कधीही नाही.

वळणासाठी सरळ होज वाकवून बसवण्याचा मोह टाळा. वाकवल्यावर तो आतल्या बाजूने मुडपतो, प्रवाह आवळला जातो आणि गरम झाल्यावर आणखी मुडपतो. साच्यातून काढलेला कोपऱ्याचा होज मिळतो, तोच घ्या. रेडिएटरपासून पंपाकडे येणाऱ्या होजकडे विशेष लक्ष द्या. ही पंपाची ओढणारी बाजू आहे. इंजिन जोरात फिरत असताना इथला दाब उतरतो आणि मऊ होज आतल्या आत चपटा होतो. जमिनीवर, कमी फेऱ्यांवर, हे दिसत नाही. वर गेल्यावर तापमान विनाकारण चढतं आणि खाली आलं की सगळं ठीक. असा लांब तुकडा असेल तर जाड भिंतीचा घ्या किंवा आत तारेचं वेटोळं असलेला.

क्लॅम्पच्या बाबतीत मी आग्रही आहे. रोटॅक्स इंजिनावर येतात ते स्प्रिंगचे क्लॅम्प, आणि अनेक जण ते काढून टाकून त्यांच्या जागी स्क्रूचे लावतात, कारण आवळल्याचं समाधान मिळतं. माझा सल्ला उलटा आहे. रबर गरम झालं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं, आणि दाबाखाली हळूहळू दबून पातळ होत जातं. स्प्रिंगचा क्लॅम्प या प्रत्येक हालचालीबरोबर आपोआप आवळत-सैलावत राहतो. स्क्रूचा क्लॅम्प जिथे आवळला तिथेच राहतो. म्हणून थंड सकाळी इंजिनाखाली दोन थेंब आणि गरम झाल्यावर काहीच नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी स्क्रूच्या क्लॅम्पची असते. मालक मग आणखी आवळतो, पट्टी रबरात रुतते, आणि दोन-तीन वेळा असं झालं की तिथेच होज कापला जातो.

स्प्रिंगच्या क्लॅम्पची एक अट आहे. तो होजच्या बाहेरच्या व्यासाला नेमका जुळला पाहिजे. आतला व्यास तोच पण भिंत जाड, असा दुसऱ्या बनावटीचा होज घेतला तर जुना क्लॅम्प आधीच ताणलेला बसेल आणि त्याचा जोर बिघडेल. पातळ भिंतीचा घेतला तर पकडणारच नाही. ताण गेलेले, गंजलेले क्लॅम्प होजबरोबरच टाकून द्या.

रेडिएटरच्या बाजूला स्क्रूचा क्लॅम्प लावावाच लागला तर आतून गुळगुळीत पट्टीचा घ्या. आरपार खाचा असलेल्या पट्टीत रबर घुसतं आणि फाटतं. स्प्रिंगच्या चकत्या असलेला, ताण कायम राखणारा स्क्रूचा क्लॅम्पही मिळतो, तो मोठ्या व्यासाला फार चांगला. बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या मोजलेल्या जोराने) आवळा. आवळल्यानंतर पट्टीची सुटी शेपटी शेजारच्या होजकडे किंवा तारांकडे तोंड करून राहणार नाही, आणि स्क्रूचं डोकं काउलिंग काढल्यावर हाताला येईल, अशा बेताने क्लॅम्प फिरवून ठेवा.

क्लॅम्प कुठे बसतो हे तो कोणता आहे याइतकंच महत्त्वाचं आहे. पाइपाच्या टोकाशी उमटवलेला गोल कंगोरा असतो. होज त्याच्यावरून पुढे पुरेसा जायला हवा, आणि क्लॅम्प कंगोऱ्याच्या पलीकडे, होजच्या कडेपासून ५-६ मिलिमीटर आत बसायला हवा. कंगोऱ्यावरच बसवलेला क्लॅम्प घट्ट वाटतो आणि पहिल्या चांगल्या दाबाला निसटतो. होमबिल्टमध्ये मी सर्वांत जास्त वेळा पकडतो तो दोष मात्र वेगळाच आहे. दोन होजच्या मध्ये घातलेला, घरी कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा सरळ पाइप, ज्याला कंगोराच नाही. तुमच्या मार्गात असा पाइप असेल तर तो काढून टोकांना कंगोरा पाडून घ्या. तो पाइप दोन होजवर लोंबकळत ठेवू नका, रबरी अस्तराच्या क्लॅम्पने त्याला इंजिनाच्याच चौकटीला आधार द्या. इंजिन रबरी माउंटवर हलतं, आणि रेडिएटर विमानाच्या सांगाड्यावर बसवलेला असेल तर तो हलत नाही. त्या दोघांमधली हालचाल सोसायला होजला थोडी मोकळी लांबी लागते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही. पंपाच्या घरावरचा सर्वांत खालचा स्क्रू काढला की कूलंट रिकामं होतं. त्याखालचा तांब्याचा वॉशर परत लावताना नवा घ्या. सगळे होज एकदम काढू नका. एक काढा, त्याच्या लांबीचा नवा बसवा, मग पुढचा. आधी सगळीकडून फोटो काढून ठेवा.

जुना होज पिळून, हिसडून काढू नका. डोक्यांमधले कोपऱ्याचे पाइप आट्यांवर बसवलेले असतात आणि होज पिळला की तेही फिरतात. मग नवी गळती होते, तीही अशा जागी जिचा होजशी संबंध नाही. जुना होज कात्रीने किंवा धारदार पात्याने लांबीच्या दिशेने कापा आणि सोलून काढा. पातं धातूला लागू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमवर आडवा ओरखडा पडला की तोच गळतीचा मार्ग होतो. टोकावरची पांढरी खर नायलॉनच्या घासणीने काढा, सँडपेपरने नको. धातूला खड्डे पडले असतील तर तो पाइपच बदलायचा. खड्ड्यांवर सीलंट थापून होज चढवण्याची पद्धत मी मुळीच मान्य करत नाही, कारण सीलंटचे तुकडे सुटून रेडिएटरच्या बारीक वाटांमध्ये जाऊन बसतात.

नवा होज चढवताना ओलावा म्हणून कूलंटच वापरा. तेल, ग्रीस, पेट्रोलियम जेली यांपैकी काही नाही. क्लॅम्प आधी होजवर सरकवून ठेवा. होज पूर्ण चढला की त्याच्या कडेला लागून पाइपावर रंगाची एक बारीक खूण करा. पुढे कधीही काउलिंग उघडलं की होज सरकला आहे का हे एका नजरेत कळतं. एक्झॉस्टपासून निदान २५ मिलिमीटर अंतर राहील अशी वाट ठेवा आणि मध्ये धातूचा उष्णतारोधक पत्रा लावा. आगरोधक बाहीपेक्षा मला पत्रा बरा वाटतो, कारण बाहीच्या आतला होज पाहता येत नाही, दाबता येत नाही. जिथे बाही लावावीच लागते तिथे तारखेची शिस्त आणखी कडक ठेवायची.

होज बदलताना टाकीचं झाकणही तपासा. जुन्या काही इंजिनांवर ०.९ बारचं झाकण आहे, नंतरच्यांवर १.२ बारचं. तुमच्या इंजिनाला कोणतं लागू आहे ते पुस्तिकेतून पाहा. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की बाहेर सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना बाटलीतून कूलंट परत ओढू देतो. हा दुसरा अडकला किंवा ओव्हरफ्लोची नळी तुंबली, तर थंड झालेल्या इंजिनावर होज चपटे दिसतात. त्या नळीचं टोक बाटलीच्या तळाशी, कूलंटमध्ये बुडालेलं हवं, नाहीतर परत येताना हवा येते. बाटलीला हवा जाण्यायेण्याचं छिद्र मोकळं हवं.

भरताना हळूहळू भरा. हाताने प्रोपेलर फिरवायचा तर इग्निशन बंद असल्याची दोनदा खात्री करा. वरची टाकी हा मार्गातला सर्वांत उंच बिंदू असेल तर हवा आपोआप निघते. तुमच्या मार्गात कुठे होज टाकीपेक्षा वर चढून खाली येत असेल तर तिथे हवेचा फुगा अडकून राहणार, आणि तो काढायला सोय नसेल तर मार्गच बदलायला हवा. मग टाकीच्या तोंडाला हातपंपाचं दाबमापक लावा, झाकणाच्या दाबाइतकी हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि १५ मिनिटं काटा पाहत बसा. काटा उतरला तर थेंब शोधा. पंपाच्या घराखालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असेल तर तो होजचा नाही. पंपाच्या दांड्याचं सील गेलं आहे, ते काम वेगळं.

यानंतर काउलिंग न लावता इंजिन चालवा. ऑइल ५० अंशांवर येईपर्यंत कमी फेऱ्या, मग विमान नीट बांधून पूर्ण शक्ती, थोडा वेळच. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे शक्यतो रात्रभर. सकाळी पातळी पाहा, ती थोडी उतरलेलीच असेल, भरा. स्क्रूचे क्लॅम्प पुन्हा टॉर्कला आणा. पहिलं उड्डाण एकट्याने, धावपट्टीपासून तरंगत परत येता येईल एवढ्याच अंतरात, अर्ध्या तासाचं. उतरल्यावर काउलिंग काढून पुन्हा पाहणी. सगळे होज एकाच वेळी बदलल्यानंतरचं हे उड्डाण आदल्या कुठल्याही उड्डाणापेक्षा जास्त जोखमीचं आहे, कारण वीसएक सांधे एकदम नवे झाले आहेत. त्या दिवशी कोणाला सोबत नेऊ नका.

कूलंटबद्दल थोडक्यात. पाणीमिश्रित किंवा बिनपाण्याचं, दोन्ही चालतात, पण तापमानाच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि दोघांची सरमिसळ अजिबात चालत नाही. बिनपाण्याच्या कूलंटचा उत्कलनबिंदू खूप वर आहे, त्यामुळे दाबावरचं अवलंबन कमी होतं. पण ते उष्णता कमी वाहून नेतं आणि डोकी थोडी जास्त गरम राहतात. अर्धं-अर्धं मिश्रण करणार असाल तर खनिजविरहित पाणी घ्या. टाकीवर कोणतं कूलंट आहे ते ठळक लिहा, म्हणजे परक्या धावपट्टीवर मदतीला आलेला कोणी भलतंच ओतणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या इंजिनावरचा तापमानाचा सेन्सर डोक्याच्या धातूत आहे की कूलंटमध्ये, हे आजच शोधून ठेवा. जुन्या ९१२ वर तो धातूचं तापमान दाखवतो, नंतरच्यांवर कूलंटचं. कूलंटमध्ये बुडालेला सेन्सर कूलंट निघून गेल्यावर हवेत उघडा पडतो, आणि मग काटा चढण्याऐवजी स्थिर राहू शकतो किंवा खालीही येऊ शकतो. इंजिन भाजत असताना समोरचा आकडा हिरव्या पट्ट्यात. म्हणून अशा विमानात कूलंटच्या दाबाचा किंवा पातळीचा इशारा देणारा दिवा बसवावा असं माझं ठाम मत आहे. विंडशील्डवर तेलकट धुकं, गोडसर वास, किंवा तापमानात अचानक कुठल्याही दिशेने उडी, यांतलं काहीही दिसलं तर शक्ती लगेच कमी करा, केबिनचा हीटर बंद करा, आणि जवळात जवळ उतरायची जागा निवडा. घरची धावपट्टी वीस मिनिटांवर आहे हा विचार मनात आणू नका.

काढलेले होज टाकायच्या आधी उभे चिरून आतून पाहा, विशेषतः टोकं. कुठल्या जागचा होज कसा गेला हे तुमच्या त्या क्रमांकाच्या कागदावर लिहा. एकच टोक बाकीच्यांपेक्षा जास्त खराब निघालं तर तिथली उष्णता, तिथलं अर्थिंग किंवा तिथला ताण यांत काहीतरी आहे आणि ते आत्ताच दुरुस्त करता येईल. जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं ते चाटतात. आणि पुढच्या पाच वर्षांसाठी म्हणून होजचा दुसरा संच आत्ताच घेऊन ठेवू नका. पाकिटातही रबराचं वय वाढतच असतं. बदलायच्या वर्षीच, अलीकडच्या उत्पादनतारखेचा संच घ्या.